सुतकातला दिवा

देवाजवळचा दिवा लागला की तो देवाला दिसतो, हे सगळ्यांनाच माहीत आहे. खारबावच्या दौलत केणींच्या घरी मात्र तो देवाच्या आधी त्यांच्या मुलीला दिसायचा, आणि मुलगी असायची तिकडे भिवंडीत, गॅसवर पोळी टाकत. ही करामत मुलीचीच होती.

वनिता मानकोलीच्या एका मोठ्या गोदामात कामाला होती. गोदामात खोकं आलं किंवा गेलं की दारावरचं यंत्र त्याची नोंद सर्व्हरला पाठवतं. त्या नोंदी बिनबोभाट पोचतात की वाटेत कुठे अडकतात, हे बघणं तिचं काम. आई गेल्यावर बाबा एकटे पडले, तेव्हा आपलं हेच कसब घरासाठी वापरावं असं तिच्या डोक्यात आलं. बाबांना भिवंडीत आणायचा प्रयत्न तिने करून पाहिला होता. "तुझ्या चौथ्या माल्यावर मी काय करू? कबुतरा मोजू?" एवढं बोलून बाबांनी तो विषय निकालात काढला होता.

बाबांचा एक नेम होता. सकाळी आंघोळ झाली की देवघरातला लाल झिरोचा बल्ब लावायचा आणि मग पूजेला बसायचं. ताप असो, पाहुणे असोत, यात खाडा नाही. वनिताने त्या बल्बच्या वायरीवर काडेपेटीपेक्षा लहान असं एक बोर्ड बसवलं आणि त्यात एक साधीशी स्क्रिप्ट भरली. स्क्रिप्ट म्हणजे काय, तर यंत्राला लिहून दिलेला हुकूम. बल्ब पेटला की एक ओळ तयार कर: घर खारबाव, दिवा लागला, वेळ अमुक. ती ओळ सर्व्हरला पाठव. सर्व्हरकडून 'मिळाली' असा उलट निरोप आला नाही तर पुन्हा पाठव. बस्स, एवढंच. सर्व्हर पुढे वनिताच्या फोनवर हिरवी खूण दाखवायचा, आणि सकाळ उलटून गेली तरी ओळ आली नाही तर भोंगा वाजवायचा.

"म्हंजे देवाच्या आधी तुना कळनार?" बाबांनी विचारलं होतं.

"हो. म्हणून दिवा चुकवायचा नाही."

"देवासाठी कवा चुकवला न्हाय, तर तुझ्यासाठी काय चुकवतंय," असं म्हणून बाबा हसले होते. त्यांना ते आवडलं होतं, हे खरं.

आणि वनितालाही आवडलं. जरा जास्तच आवडलं. आधी ती दर रविवारी स्कूटर काढून खारबावला जायची, बाबांचे डबे घासायची, औषधं बघायची, साखर तपासून घ्यायची. मग कधी रिवाची, म्हणजे तिच्या लेकीची, परीक्षा आडवी आली, कधी गोदामात नवीन यंत्रं आली, कधी नुसताच कंटाळा. पण फोनवर हिरवी खूण असायची. खूण आहे म्हणजे बाबा उठले, आंघोळ झाली, पूजेला बसले. मग आज नाही गेलं तरी चालेल. संध्याकाळी एक फोन केला की झालं. बाबा म्हणायचे, "बरा हाय. जेवलू. तू ड्युटी सांभाळ." तीही समाधानाने फोन ठेवायची.

ड्युटी सांभाळ, हा बाबांचा जुना धोशा होता. आईच्या दुखण्यात वनिताने हातची चांगली नोकरी सोडली होती. आई काही वाचली नाही, आणि नोकरी पुन्हा मिळता मिळता वनिताच्या नाकी नऊ आले. तेव्हाच बाबांनी बजावलं होतं, "एकदा झाला तेवढा बस झाला. माझ्यापायी तू घरी बसायचा न्हाय." रागाने नव्हते बोलले. डोळे पुसत बोलले होते, आणि म्हणूनच ते वनिताच्या मनात घर करून राहिलं होतं.

मग काळूरामकाका गेले.

काळूरामकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. त्यांचं बिऱ्हाड फार पूर्वीच वज्रेश्वरीला गेलेलं. प्रितेश हा त्यांचा मुलगा. घरच्या ग्रुपवर त्याचा निरोप आला: 'बाबा सकाळी गेले. इथेच सगळं उरकलं. भाऊबंदांनी सुतक धरावं. दौलतकाकांना फोन करून कळवलंय.' वनिताला वाईट वाटलं. काका फारसे भेटत नसत, पण भेटले की गालगुच्चा घेतल्याशिवाय सोडत नसत, अगदी तिचं लग्न झाल्यावरही.

सुतक हा बाबांच्या घरी चेष्टेचा विषय नव्हता. वनिता शाळेत असताना ऐन गणपतीच्या तोंडावर लांबच्या भाऊबंदांत कोणीतरी गेलं होतं. मूर्ती सांगून ठेवलेली, मखर तयार, आणि बाबांनी गणपती आणला नाही. वनिताने रडून घर डोक्यावर घेतलं, आईनेही हळूच रदबदली करून पाहिली. बाबा जागचे हलले नाहीत. सुतकात देवांवर पांढरं फडकं टाकायचं, दिवा नाही, फूल नाही, घंटा नाही. गेलेल्या माणसाला एवढा तरी मान दिलाच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

म्हणजे आता काही दिवस ओळ येणार नव्हती, आणि रोज सकाळी भोंगा तेवढा उगाच बोंबलणार होता. वनिताने लॅपटॉप उघडला आणि सर्व्हरवर एक अट घातली: अमुक तारखेपर्यंत ओळ आली नाही तरी भोंगा वाजवू नकोस. अटीला नाव काय द्यावं म्हणून ती क्षणभर अडली, आणि मग सरळ 'सुतक' असंच लिहून मोकळी झाली. कुठल्याच सर्व्हरला आजवर सुतक लागलं नसेल, ते तिच्या सर्व्हरला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रिवाचा डबा भरत होती, तेव्हा फोन किणकिणला. हिरवी खूण. 'घर खारबाव, दिवा लागला.'

आपण रात्री घाईत काहीतरी चुकीचं लिहून ठेवलं, हा पहिला विचार. दुसरा विचार, ही कालचीच ओळ असेल. खारबावला नेट गेलं की स्क्रिप्ट ओळ राखून ठेवायची आणि नेट आल्यावर पाठवायची. तशी वाटेत अडकलेली आज पोचली असेल. पण ओळीतली वेळ आजची होती. वायर ओली झाली असेल, बोर्ड बिघडलं असेल. वनिता गोदामात पोचली तरी डोक्यात तेच. शेवटी तिने शेजारच्या टेबलावरच्या विकीला बोलावलं. विकी तिच्याबरोबरीचाच, स्वभावाने थट्टेखोर, पण कामात चोख.

विकीने ओळ पाहिली, बोर्डाकडून येणारी विजेची मापं पाहिली, सर्व्हरचं उत्तर पाहिलं. "मॅडम, तुमची स्क्रिप्ट शहाण्यासारखी वागतेय. बल्ब खरोखर पेटलाय. आत्तासुद्धा चालू आहे."

"चालू असणं शक्य नाही. घरात सुतक आहे."

"ते स्क्रिप्टला काय माहीत?" विकी म्हणाला. "कोणीतरी बटन दाबलंय. तेवढंच ती सांगतेय."

विकी आपल्या जागेवर गेला. वनिता पडद्याकडे बघत बसली. बाबा सुतकात देवाजवळचा दिवा लावणार नाहीत. दिवा लागला आहे. म्हणजे तो बाबांनी लावलेला नाही.

मग कोणी लावला? आणि त्याच्यामागून दुसरा प्रश्न आला. कधीपासून?

यंत्राने 'दिवा लागला' एवढंच सांगितलं होतं. 'बाबांनी लावला' असं ते कधीच म्हणालं नव्हतं. ते तिने आपल्या मनाने जोडलं होतं, आणि जोडून निर्धास्त झाली होती. तिने फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. बाबा काय बोलणार ते तिला पाठ होतं. बरा हाय, जेवलू, तू ड्युटी सांभाळ. तीही रोजची एक ठरलेली ओळच होती, आणि ती ऐकून वनिता रोज 'मिळाली' म्हणत आली होती.

साहेबांना घरी जाते एवढंच सांगून तिने स्कूटर काढली. अंजूरफाट्यापर्यंत कंटेनरांच्या मधून वाट काढताना तिला रडू येत नव्हतं, नुसता राग येत होता, आणि कोणाचा ते कळत नव्हतं.

घराचं दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि आधी वास आला. डेटॉलचा, आणि डेटॉलच्या खालून दुसरा. समोर देवघर दिसत होतं. देवांवर पांढरं फडकं नीट टाकलेलं होतं, चारी कोपरे सारखे. आणि त्या झाकलेल्या देवांवर लाल बल्ब जळत होता.

स्वयंपाकघरातून बकुळा बाहेर आली. हातात पेजेची वाटी. बकुळा गावातल्याच बौद्धवाड्यातली, अंगणवाडीत कामाला, आणि शाळेत चौथीपर्यंत वनिताच्याच बाकावर बसलेली. वनिताला बघून तिने वाटी खाली ठेवली आणि पदराला हात पुसले. "आलीस," ती म्हणाली. तिच्या आवाजात दचकणं नव्हतं, सुटका होती.

"बकुळे, दिवा तू लावतेस?"

"मी देवांना हात न्हाय लावला, वने. मी कशाला लावीन? तुझा बाबा सांगतो ते बटन दाबते फक्त."

"कधीपासून?"

बकुळा दारातून बाजूला झाली. तिने आतल्या खोलीकडे बोट केलं.

बाबा खाटेवर होते. एवढे बारीक झाले होते की गोधडीखाली माणूस आहे असं वाटत नव्हतं. वनिताला बघून ते उठायला गेले, आणि उठता येत नाही हे लपवायला हसले. वनिता खाटेजवळ गेली. तिने गोधडी वर केली. उजव्या पावलाला जुन्या धोतराची पट्टी बांधलेली होती. पट्टीच्या बाहेर आलेली बोटं काळी पडली होती, आणि तो काळा रंग घोट्याकडे चढत होता.

"खिळा लागला बांधावर," बाबा म्हणाले. "साधा खिळा. हळद लावली व्हती."

"साखर असलेल्या माणसाला साधा खिळा नसतो, बाबा!" वनिता ओरडली. मग तिने बकुळाकडे मोर्चा वळवला. "आणि तू? तुझ्याकडे माझा नंबर नव्हता? रोज सकाळी येऊन बटन दाबतेस, एक फोन करता आला नाही?"

"शपथ घातली त्यांनी," बकुळा म्हणाली. "वनीला सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील बोलले. मी असल्या शपथा मानत न्हाय. पण म्हातारा माणूस हात धरून रडतो तेव्हा काय करायचं? गाडी बोलावली तर बसले न्हाईत. डॉक्टरला घरी आणला तर त्याला बाहेरूनच पाठवला. रोज मला बोलायचे, रविवार येऊ दे, वनी आपणहून येईल, तेव्हा बघेल." ती थांबली, आणि मग इतके दिवस गिळलेलं बोलली. "मी पण रविवारची वाट बघायचे. तू आलीच न्हाईस, वने. तुझ्या फोनात दिवा दिसत होता ना. मग कशाला येशील?"

जिच्यावर वनिता ओरडत होती तिनेच बाबांना न्हाऊमाखू घातलं होतं, पेज भरवली होती, जखम धुतली होती. आणि आपण हिरवी खूण बघून पोळ्या लाटत होतो. तिला स्वतःची लाज वाटली, उभ्या जागी जमिनीत जावं इतकी. तिने बकुळाचा हात धरला. बकुळाने तो सोडवून घेतला नाही.

ॲम्ब्युलन्स यायला वेळ होता. बकुळा बाबांची कपड्यांची पिशवी भरायला गेली, आणि वनिता खाटेच्या कडेला बसली.

"बाबा, प्रितेशचा फोन आला होता ना?"

"आला व्हता. काळू गेला." बाबांचे डोळे भरले. "लहान व्हता माझ्यापेक्षा."

"मग सुतक लागलं हे तुला माहीत होतं."

"म्हाईत व्हता. बकुळेला बोलून फडका मीच आनायला लावला. खाटेवरना सांगून देव झाकून घेतलं तिच्याकरना. काठीनं सारखा केलान तिनं फडका, हात न्हाय लावला."

"आणि दिवा?"

बाबांनी नजर छताकडे वळवली. "आख्खी रात झोपलू न्हाय मी," ते हळूच म्हणाले. "जल्मात सुतकात दिवा लावला न्हाय. तुझा गनपती न्हाय आनला मी, पोरी, तू किती रडलीस. पन इचार केला, दिवा न्हाय लागला त तुझा फोन बोंबलंल. तू घाबरशील, ड्युटी टाकून धावत येशील, मंग माझा पाय बघशील आनि परत घरी बसशील. म्हून देवाला हात जोडलं. बोललू, काय पाप लागंल ते मना लागूंदे. बकुळेला न्हाय, वनीला न्हाय. आनि तिला बोललू, दाब बटन."

वनिताच्या डोळ्यांतून पाणी आलं ते थांबेना. ज्या माणसाने गणपतीसमोर हट्ट सोडला नाही त्याने तिच्यासाठी तो सोडला होता.

"अरे बाबा," ती म्हणाली, "सुतकात दिवा नाही लागला तर मी कशाला घाबरेन? प्रितेशचा निरोप मला पण आला होता. मी कालच भोंगा बंद करून ठेवला होता. तू दिवा लावला नसतास तर मला काहीच कळलं नसतं. मी आलेच नसते."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. तुलाही सुतक कळतं, तूही याच घरची आहेस, एवढं त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी फक्त यंत्राचा विचार केला होता. "तसा हाय व्हय," एवढंच ते म्हणाले. मग पुन्हा एकदा म्हणाले, "तसा हाय व्हय."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

भिवंडीच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि वनिताला बाहेर बोलावलं. पाय गुडघ्याखालून काढावा लागेल. थोडं आधी आणलं असतं तर एखाद्या बोटावर भागलं असतं. डॉक्टर हे दोष द्यायला बोलले नाहीत, रोजचं बोलतात तसं बोलले, आणि तेच जास्त लागलं. 'थोडं आधी' म्हणजे नेमकं कधी, हे फोनवर दिसेल असं वनिताला ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसल्या बसल्या वाटलं. तिने सर्व्हर उघडला. सगळ्या ओळी एकाखाली एक नीट लावलेल्या होत्या. घर खारबाव, दिवा लागला. घर खारबाव, दिवा लागला. बाबा चालत होते तेव्हाच्या ओळी आणि बाबा खाटेला खिळले तेव्हाच्या ओळी शेजारी शेजारी होत्या, आणि त्यांच्यात केसाइतकाही फरक नव्हता. एकही ओळ खोटी नव्हती. तिला स्क्रिप्टचा राग धरता येईना. तिचा नवरा मनोज येऊन शेजारी बसला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मी तिला चुकीचं विचारलं रे." त्याला ते कळलं नाही, पण त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला.

बाबा वाचले. पाय गेला.

या वेळी चौथ्या माळ्याला त्यांनी नकार दिला नाही, कारण नकार द्यायची ताकदच नव्हती. लिफ्टमधून खुर्चीवर बसून आले. मनोजने खिडकीजवळची खोली त्यांना दिली. वनिताने महिनाभराची रजा घेतली आणि नोकरी गेलेली नाही हे बाबांना शपथेवर सांगितलं. खरंखोटं करायला म्हणून त्यांनी विकीला फोन लावायला लावला, तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला. बकुळा एकदा येऊन भेटून गेली. जाताना तिने वनिताला दारात मिठी मारली.

डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून सांगितली होती. उरलेल्या पायाकडे रोज बघा. लहानशी चीर, फोड, रंग बदलला, लगेच या. पण बाबांना ते जड जायचं. जन्मभर बांधावरून चाललेला माणूस. उरलेला पाय आणि नसलेला पाय, दोन्ही ते चादरीखाली ठेवायचे, आणि चादर कमरेशी घट्ट धरायचे. वनिता सकाळी खोलीत आली की म्हणायचे, "बरा हाय."

"बाबा, चादर."

"बरा हाय बोललू ना."

वनिता त्यांच्या मुठीतून चादर सोडवून घ्यायची. टाच बघायची, बोटांच्या मधे बघायची, तळव्यावर हात फिरवून बघायची. बाबा तोंड भिंतीकडे करून पडायचे. एकदा ते चिडून म्हणाले, "आता माझ्या शब्दावर इस्वास न्हाय तुझा?"

"नाही," वनिता म्हणाली. तिला ते बोलताना फार वाईट वाटलं, पण तिने शब्द मागे घेतला नाही. बाबा त्या दिवशी तिच्याशी बोलले नाहीत. रिवाशी बोलले, मनोजशी बोलले, कबुतरांना हाकललं, पण तिच्याशी नाही. संध्याकाळी तिने वाढलेलं ताट मात्र त्यांनी संपवलं.

दुसऱ्या दिवशी ती चहा घेऊन खोलीत गेली. बाबा जागे होते, उशीला टेकून बसले होते. तिने कप ठेवला आणि रोजचं बोलायला तोंड उघडलं. त्याच्या आधीच बाबांनी स्वतःच्या हाताने चादर बाजूला केली आणि पाय तिच्याकडे सरकवला.

"टाचेला जरा दुखतंय," ते म्हणाले. "बघ."